डबल बेल

“आई, त्या बांगड्या जरा कोपराकडं सार गं! आप्पांचं काहीच ऐकू येत नाही मला!”

मी कमांडर जीपच्या बॉनेटवर उभी राहून ओरडत होते. खाली वाळूत उतरलं की रेंज जायची. हर्णैच्या अलीकडं सुरूच्या बनात आमचा तंबू लागला होता, समोर समुद्र, आणि शेजारी नुकतेच माझे यजमान झालेले धैर्यशील जगदाळे स्टोव्हला पंप मारत होते.

“वैजू, लोक बघतायत. उतर खाली.”

“बघू देत की. तिकीट थोडंच आहे?”

तिकडून कराडच्या घरातून आई म्हणाली, “आगं, पोरीच्या लग्नाचा चुडा हाय. असा निघतोय व्हय लगीच? धर, लावते त्यांच्या कानाला.” आणि पुन्हा खळखळ खळखळ. माझ्या लग्नात कासारणीनं आईला पण बळंच हातभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. फोन धरायला हात वर केला की सगळ्या एकदम खाली घरंगळायच्या आणि सगळं बोलणं त्यात बुडून जायचं. माझ्या हातातही तोच चुडा, तोही वाजायचा. दोन्हीकडून नुसता कासारवाडा.

मग त्या खळखळीतून आवाज आला. टण्. टण्.

हे आप्पा. आप्पांनी बत्तीस वर्षं एस्टी चालवली. निम्मी नोकरी याच रस्त्यांवर, कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर, दापोली. गळ्याच्या आजारात डॉक्टरांनी त्यांचा आवाज काढून घेतला, तेव्हा खाटेवर उठून बसल्यावर पहिल्यांदा त्यांनी बोटातली चांदीची अंगठी खाटेच्या लोखंडी नळीवर आपटली. टण् टण्. घरात कुणालाच कळेना काय पाहिजे ते. मला कळलं. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की गाडी चालू, एकदा ओढली की थांब. डबल बेल म्हणजे हो, चल, पुढं सांग. सिंगल बेल म्हणजे नको, थांब. तेव्हापासून आमचं घर असंच चालायचं. चहा हवा? टण् टण्. गोळी घेता? टण्.

“आप्पा, दुपारी चिपळूणच्या पुढं ओले बोंबील खाल्ले. रव्यात घोळवून. असे कुरकुरीत, आणि आत नुसतं लोणी!”

टण् टण्.

“मी पाच खाल्ले.”

टण् टण्, टण् टण्. म्हणजे आणखी सांग.

“तुमच्या जावयांनी किती खाल्ले ते विचारूच नका. खानावळवाल्यानं आत जाऊन तवा मोजला.”

“खोटं सांगतेय, आप्पा!” धैर्यशील खालून ओरडले. तिकडं आई हसली, बांगड्या हसल्या.

हा प्रवास आप्पांचाच होता खरं तर. त्यांना तोंडानं काही खाता येत नव्हतं, नळीतून पातळ पेज जायची. आजार मागं फिरणार नव्हता, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर लग्नाची घाई केली होती. लग्नानंतर मी म्हटलं, कुठं जायचं नाही मला, मी इथंच बसते तुमच्यापाशी. तर केवढ्यानं सिंगल बेल दिली! मग माझा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं रस्ता काढला. इथं घाट, इथं बंदर, इथं खाडी, इथं फेरीबोट. करंगळीच्या बुडाशी येऊन बोट थांबलं आणि त्यांनी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. म्हणजे मुक्कामाचं गाव, जिथं त्यांची गाडी रात्रीला थांबायची आणि सकाळी परत निघायची. तिथवर जा. खा. रोज दिवेलागणीला मला सांग. एवढं सगळं त्या माणसानं एका बोटानं सांगितलं.

मला एकच पाहिजे होतं. परत येऊन त्यांच्या खाटेवर बसून, समोरासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं त्यांना सांगायचं होतं. तेवढं झालं की मग देवानं काय करायचं ते करावं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. देवाशी ठराव केल्यासारखं.

“ठेवू का आता, आप्पा? पैसे चाललेत.”

टण्.

“बरं बाई, नाही ठेवत.” हे रोजचंच होतं. दोनदा-तीनदा थांबवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हर्णैच्या बंदरावर गेलो. होड्यांमधून टोपल्या उतरत होत्या, वाळूवर मासळीचे ढीग, चारी बाजूंनी लिलावाची ओरड. धैर्यशीलचं मसूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घर शेतकऱ्यांचं, पण माशांवर जीव असा की त्यांच्या मित्रांनी लग्नात आहेर म्हणून बिडाचा तवा दिला होता. तो तवा, कोकमं, वाटलेला मसाला, सगळं जीपमध्ये आणलं होतं. आज संध्याकाळी ते स्वतः सुरमई तळून मला वाढणार होते. कालपासून तेच ऐकत होते मी.

एक कोळीण माझ्या हातावरची हळद बघून म्हणाली, “नवी नवरी हायस ना गो? घे, पापलेट घे, तुला म्हणून कमी लावतंय.” मी घासाघीस करायला खाली बसले. तेवढ्यात धैर्यशीलचा फोन वाजला. आमच्या दोघांत तेवढा एकच फोन. ते बोलत बोलत उपड्या घातलेल्या होड्यांच्या मागं गेले.

बऱ्याच वेळानं आले. माझ्या पुढ्यात दोन सुरमया आणि पापलेटचा वाटा काढून ठेवला होता.

“चल,” ते म्हणाले.

“आणि हे?”

“नको. ताजी नाही मासळी.”

आता हर्णैच्या बंदरात, होडीतून उतरलेली मासळी ताजी नाही म्हणजे काय! कोळणीनं ऐकलं. “काय बोललास? ताजी नाय? आरं, आजून तोंड उघडतंय बघ त्याचा! तुझेच डोळं शिळं झालंत!” मी तिची माफी मागत मागत त्यांच्या मागं पळाले. हसू आवरेना मला. जीपमध्ये बसल्यावर बघते तर ते हसत नव्हते.

“कुणाचा फोन होता?”

“दुकानातला. एक पार्ट मिळेना म्हणून.”

दाभोळला फेरीबोटीत जीप चढवली. एरवी या माणसानं बोटीच्या इंजिनात डोकं घालून खलाशाला शंभर प्रश्न विचारले असते. ते कठड्याला टेकून पाण्याकडं बघत राहिले. मी वडापाव आणला, त्यांनी घेतला आणि हातातच ठेवला.

“काय झालंय?”

“पोट बरं नाही.”

“कालचे बोंबील पोटात पोहायला लागले वाटतं.”

त्यांनी मान पाण्याकडं वळवली. मग मात्र मी चिडले. माझा स्वभाव असा की मनात आलं ते जिभेवर आलंच. म्हटलं, “अंगाची हळद उतरली नाही अजून आणि तोंड फिरवलंत माझ्याकडून? असंच आयुष्य काढायचं असेल तर आत्ताच सांगा. कराड काही लांब नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “जायचं का परत? खरंच विचारतोय, वैजू. तू म्हणालीस तर आत्ता गाडी वळवतो.”

“का म्हणून वळवायची? आप्पांनी काय सांगितलंय? मुक्कामाच्या गावाला जायचं. तिथवर गेले नाही तर मी त्यांना तोंड काय दाखवू?”

बोट धोपाव्याला लागली तेव्हा तो वडापाव त्यांनी धक्क्यावरच्या कुत्र्याला घातला.

मुक्कामाच्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथं मला परत जायचं नाही, आणि कुणी तिथं जाऊन येऊन मला त्याचं कौतुक सांगितलेलंही नको आहे. गुहागरच्या पुढं आहे, एवढं पुरे. एस्टी वळायला लहानसं मैदान, एक पिंपळ आणि पिंपळासमोर खानावळ. खानावळीत एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी कराडच्या मोहिते ड्रायव्हरांचं नाव घेतलं आणि तिच्या हातातलं सूप खाली राहिलं.

“मोहिते डायवर? तू त्याची पोर? आगो माझे बाय!” तिनं माझ्या कानशिलावरून बोटं मोडली. भागीरथीबाई तिचं नाव. “लोक मुक्कामाला येतत नि घोरतत. तुझा बापूस गाडीच्या टपावर झोपून गायचा. काय गळा होता मेल्याचा! माझी सासू भजन ऐकायला म्हणून भांडी उशिरा घासायची. आता गातो काय?”

“आवाज गेला त्यांचा, मावशी. आजारी आहेत. पण ऐकतात सगळं. आज संध्याकाळी फोन करते ना, तेव्हा सांगते तुम्ही भेटलात म्हणून.”

“सांग हां. म्हणावं भागीनं कुर्ल्या केल्यात. त्याला कुर्ल्याचा कालवण लय आवडायचा. दोन ताटं भात खायचा.”

मी धैर्यशीलकडं बघितलं. म्हटलं, आता तरी हसाल. ते उठून पिंपळाखाली गेले आणि जीपचं बॉनेट उघडून उगाच आत बघत बसले.

मला कधी एकदा दिवेलागण होते असं झालं होतं. एवढा खजिना घेऊन मी बसले होते! रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर मिळते म्हणाले, तर मी फोन घेऊन एकटीच धावत वर गेले. सूर्य बुडत होता.

फोन उचलला गेला.

“आई?”

“हं. लावते,” आई म्हणाली. आवाज बसल्यासारखा वाटला.

“आप्पा, ओळखा कुठं आहे मी!”

टण् टण्.

“मुक्कामाच्या गावात! तुमची भागीरथीबाई भेटली. अजून आहे ती. तुमच्यासाठी कुर्ल्या शिजवतेय. म्हणाली तुम्ही टपावर झोपून गायचात. आईला कधी सांगितलं नाहीत ते?”

टण् टण्.

त्या दिवशी आवाज किती स्वच्छ येत होता. टण् टण्, आणि त्यामागं काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला. मी हात स्थिर धरला, कारण माझाच चुडा वाजत होता.

“आप्पा?”

टण् टण्.

मी पुढं बोलत राहिले. समुद्र कसा आहे, पिंपळ कसा वाढलाय, एस्टीचं मैदान तेवढंच आहे. प्रत्येक वाक्यामागून टण् टण् येत होतं, मी थांबेपर्यंत. मग मी विचारलं, “ठेवू का आता, आप्पा?”

टण् टण्. लगेच.

मी फोन बंद केला आणि टेकाडावरच बसून राहिले. खाली धैर्यशील माझ्याकडं बघत उभे होते. वर यायचं का नाही, हे त्यांना कळत नव्हतं, असं लांबूनही दिसत होतं. शेवटी मीच उतरले.

“बोलले?” त्यांनी विचारलं.

“हो. खूष झाले,” मी म्हटलं.

भागीरथीबाईनं आम्हांला लगेच जेवायला बसवलं. दोन ताटं, वाफाळता भात, आणि कुर्ल्यांचं लालभडक कालवण, नुसत्या वासानं भूक लागावी असं. धैर्यशीलनी कोरडा भात बाजूला घेतला, मीठ घेतलं आणि त्याचे घास करायला लागले. मी एक नांगी उचलली. ती परत ताटात ठेवली. मग मीही कोरडाच भात पुढं ओढला. त्यांनी वर बघितलं, मी खाली बघितलं. पायाशी मांजर घोटाळत होतं, एकेक करून माझ्या सगळ्या कुर्ल्या त्याच्या पुढ्यात गेल्या. त्यांच्याही.

भागीरथीबाई वाढायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय वो हे? कालवणास हात नाय लावलाव? भांडलाव काय दोघं?”

“हो, मावशी,” मी म्हटलं. “भांडलो.”

“तरी म्हटलं.” ती धैर्यशीलवर घसरली. “बाबा रे, बायको नवी आसते तोवर तिच्यासमोर जेवणावर राग काढू नये. घर फिरलं की वासं फिरतत. उद्या ती पन शिकेल उपाशी बसायला.” ते मान खाली घालून “हो मावशी, हो मावशी” करत राहिले. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. धरला असता तर मला रडू आवरलं नसतं.

सकाळी निघताना ती म्हणाली, “डायवराला सांग, पुढच्या खेपेस स्वतः ये म्हणावं.”

“सांगते,” मी म्हटलं.

त्यापुढचा सगळा दिवस आम्ही गाडीतच काढला. खाडी आली की थांबायचं, पूल आला की ओलांडायचा. किती सुंदर रस्ता तो! उजव्या हाताला समुद्र सोडत नाही. कुणी आम्हांला बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय नशीबवान जोडपं आहे. संध्याकाळी गणपतीपुळ्याच्या पुढं एका निर्जन पुळणीवर तंबू लावला. धैर्यशीलनी स्टोव्हवर तांदळाची पेज ठेवली, जवळ लिंबाच्या लोणच्याची बरणी. बिडाचा तवा पोत्यात गुंडाळलेला तसाच होता. ते म्हणाले, “पोट अजून...” मी म्हटलं, “असू दे. मलाही पेजच बरी वाटेल.”

मग फोन घेऊन मी बॉनेटवर चढले. आज त्यांनी उतर म्हटलं नाही.

“लावते,” आई म्हणाली.

“आप्पा! आज तर काय विचारू नका. तुमच्या जावयांनी सुरमई तळली. जाड तुकडे, आमसूल लावून मुरवत ठेवले होते दुपारपासून. एवढा वास सुटला की शेजारच्या वाडीतली दोन कुत्री येऊन बसली!”

टण् टण्.

“मग कोळंबीचा भात. ओलं खोबरं घालून. आणि सोलकढी, अशी गुलाबी! मी वाटीवर वाटी प्याले.”

टण् टण्, टण् टण्.

“आप्पा, मी इतकी खातेय ना, घरी येईन तेव्हा तुम्ही ओळखणार नाही मला.”

तिकडं एकदम काही आलं नाही. मी वाट बघितली. मग हळू, अंतर ठेवून. टण्... टण्.

“खूप मजा येतेय, आप्पा,” मी म्हटलं. “तुम्ही पाठवलंत म्हणून.”

धैर्यशील माझ्याकडं पाठ करून पेज ढवळत होते. पेज केव्हाच शिजली होती. त्यांच्या पाठीकडं बघत बघत मी आणखी दोन भाज्या आणि एक गोड पदार्थ सांगितला, नारळाच्या रसातल्या शेवया. त्या मी आजवर खाल्लेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं परत निघालो. आंबा घाट चढून वर आल्यावर, जिथून मागं वळून बघितलं की सगळं कोकण खाली निळं दिसतं, तिथं त्यांनी जीप बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले.

“वैजू, मला तुला एक सांगायचंय. घरी पोचायच्या आधी. तू मला काय म्हणशील ते म्हण.”

“माहितीय मला,” मी म्हटलं.

“नाही. तुला नाही माहीत. आप्पा...”

“हर्णैला फोन आला तेव्हा गेले ना? तेव्हा, का आदल्या रात्रीच?”

“पहाटे,” ते म्हणाले. “झोपेत. तुला कुणी सांगितलं? तुझ्या दादानं केला होता का फोन?”

“कुणी नाही.”

“मग?”

“आईच्या बांगड्या वाजल्या नाहीत.”

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी नाही रडले तेव्हा. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले.

हळूहळू सगळं सांगितलं त्यांनी. थोरल्या चुलत्यांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं: अंगाची हळद उतरलेली नाही, नव्या जोडप्यानं मयताचं तोंड बघायचं नाही, आणायचं नाही पोरीला. धैर्यशील म्हणाले, मला तुमची हळद ठाऊक नाही, मी तिला घेऊन निघतो. तेव्हा आईनं फोन हातात घेतला होता. “आई म्हणाल्या, ‘जावईबापू, मी त्यास्नी परवाच इचारून ठेवलं होतं. काय कमीजास्त झालं तर वैजीला माघारी बोलवू का म्हणून. त्यांनी सिंगल बेल दिली. दोनदा इचारलं, दोन्ही डाव सिंगल बेल.’ मी काय करू सांग, वैजू? तू माझी बायको, पण ते तुझे वडील. मला वाटलं, मी विचारीन आणि तू म्हणशील परत जाऊ. बोटीत विचारलं तुला. तू म्हणालीस मुक्कामाला जायचं.”

“हो. मीच म्हणाले.”

“आणि तुला कळल्यावर... तू टेकाडावरून खाली येऊन मला काहीच का नाही विचारलंस?”

काय सांगणार होते मी त्यांना? पलीकडं माझी आई बसली होती. त्या दिवशी दुपारी नवऱ्याला लाकडं लावून आलेले लोक दारात बसलेले असताना ती आतल्या खोलीत, रिकाम्या खाटेपाशी, माझ्यासाठी नळी वाजवत होती. ती वाजवत होती म्हणून मी बोलत होते, मी बोलत होते म्हणून ती वाजवत होती. आणि खरं सांगायचं तर, मी तोंडानं म्हणत नव्हते तोवर आप्पा होते. दोन संध्याकाळी मला जास्तीच्या मिळाल्या. त्या मी सोडल्या नाहीत.

“तुम्ही मासे का नाही खाल्लेत?” मी विचारलं.

“सुतक आहे ना मला. जावयाला तीन दिवसांचं असतं,” ते म्हणाले. “तुझ्यासमोर पाळता येईना आणि मोडताही येईना.”

चुलत्यांचा राग मला अजून येतो. अठरा-एकोणीस वर्षं झाली, चुलते गेले, त्यांच्या फोटोला हार घालतानाही येतो. माझ्या बापाचं तोंड मला शेवटचं बघू दिलं नाही, ते एका चिमूटभर हळदीसाठी. पण धैर्यशीलवर मी कधी रागावू शकले नाही त्याबद्दल. माझ्या बापाचं सुतक माशांच्या बंदरात, माशांवर जीव असलेल्या माणसानं, कुणाला कळू न देता पाळलं. बाकी संसारात आम्ही भांडलो, पुष्कळ भांडलो. ते वेगळं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या दिवशी सकाळीच राख सावडून झाली होती, कृष्णा-कोयनेच्या संगमावर सोडूनही झाली होती. मुलीला सुतक तीनच दिवसांचं, तेही जवळजवळ संपलेलं. मला करायला काही उरलंच नव्हतं. चुलतीनं दारातच आमच्या अंगावरून पाणी ओवाळून टाकलं. दादा गळ्यात पडला. बायका रडायला लागल्या, मला मध्ये घेऊन, आता हिला सांगायचं म्हणून एकेक तोंड पुढं यायला लागलं. मी सगळ्यांना बाजूला सारून आतल्या खोलीत गेले.

आई खाटेजवळ खाली बसली होती. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली, नुसत्या लोखंडी नळ्या आणि पट्ट्या. तिनं मला बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी शेजारी बसले आणि तिचा हात बाहेर ओढला. नको नको म्हणत होती. मनगट उघडं होतं, जिथं काच लागली होती तिथं दोन बारीक खपल्या धरल्या होत्या. आणि बोटात आप्पांची चांदीची अंगठी होती. सैल होत होती म्हणून आतून पांढरा दोरा गुंडाळला होता.

तो हात मी माझ्या गालाला लावला. तेव्हा रडले मी. घाटात राहिलेलं, पुळणीवर राहिलेलं, सगळं. आईही रडली. मग पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग तिचं.

“वैजे,” ती म्हणाली, “एक खरं सांग. जावईबापूंनी तुला कुठं सांगितलं?”

“आंबा घाटात. आत्ता येताना.”

“त्याच्या आदी न्हाई ना कळलं तुला? माझ्या फोनवरनं काय कळलं न्हाई ना?” तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. “त्यास्नी तेवढंच पायजे हुतं बघ. पोरगी हसत-खेळत, खाऊनपिऊन यावी. मी वाजवताना लई भ्यायले. म्हटलं, चुकतंय काय माझं? वळखंल काय ही?”

मला बोलायचं होतं. नाही गं आई, एवढे तीनच शब्द. पण गळ्यातून आवाज फुटेना. मी तिचा तोच हात धरला, अंगठीचा, आणि तिच्याच बोटानं खाटेच्या नळीवर वाजवलं.

टण्. एकदाच.

आईनं सुस्कारा सोडला. “मग झालं,” ती म्हणाली. “मग झालं बाई.” आणि नळीला हात धरून उठली, पदर खोचला, आणि आम्ही सकाळपासून काही खाल्लं नसेल म्हणून चुलीवर भात टाकायला गेली.